थंडीआधीची तयारी: कोणती फट बुजवायची, कोणती नाही

कोजागिरीचं दूध पिऊन झालं की दुसऱ्या दिवशी मी टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर आणि एक अगरबत्ती घेऊन घरभर फिरतो. दिवाळीपर्यंत हातात पंधरा दिवस असतात आणि पुण्यातल्या घराला तेवढे पुरतात. औंधच्या आयटीआयमधून बाहेर पडल्यावर अडतीस वर्षं मी वायरमनचं काम केलं. लोकांची हाक यायची ती मात्र दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला, पहाटे चार वाजता, गीझर बंद पडल्यावर. त्या वेळी दुकानं उघडी नसतात आणि अंगाला तेल लागलेलं असतं. म्हणून हे सगळं आधीच करून ठेवा.

घरात आम्ही सहा जण आहोत. अण्णा शहाऐंशीचे, त्यांना दमा आणि मधुमेह आहे. नात तीन वर्षांची. फ्लॅट कर्वेनगरात, चौथ्या म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर. लहानपण गेलं ते कसब्यात, तांबट आळीजवळच्या वाड्यात. तिथे भिंती हातभर जाड होत्या आणि दारं-खिडक्या कधीच नीट लागत नसत. आताच्या भिंती पातळ आहेत आणि खिडक्या घट्ट बसतात. थंडीची तयारी करताना हा फरक सतत ध्यानात ठेवावा लागतो.

पुण्याची थंडी कोरडी असते. पाऊस गेला की आकाश मोकळं होतं, दिवसभर तापलेली जमीन आणि स्लॅब रात्री ती सगळी उष्णता वर सोडून देतात. म्हणून दुपारी अठ्ठावीस-एकोणतीस अंश आणि पहाटे दहा-बारा, असा फरक पडतो. पाषाण, एनडीएच्या बाजूला आणखी दोन अंश कमी. शिवाजीनगरला आपण जिला सिमला ऑफिस म्हणतो, त्या वेधशाळेत जानेवारी १९३५ मध्ये १.७ अंशांची नोंद झाली होती. तसली थंडी नेहमी पडत नाही. आपल्याकडे दुपारचं ऊन फुकट मिळतं, ते रात्री नऊ-दहापर्यंत घरात धरून ठेवता आलं की अर्धं काम झालं.

डिसेंबरात भर दुपारीसुद्धा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो आणि तोही दक्षिणेकडे कललेला. त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून सज्जा चुकवून ऊन थेट आत येतं. त्या खिडकीचे पडदे सकाळी दहा ते चार पूर्ण उघडे ठेवा. ऊन फरशीवर आणि भिंतीवर पडलं पाहिजे. खिडकीशी कपाट किंवा सोफ्याची पाठ असेल तर चार महिन्यांसाठी ते हलवा. पश्चिमेची भिंतही संध्याकाळी कोमट असते. अण्णांचा पलंग आम्ही उत्तरेच्या बाहेरच्या भिंतीपासून काढून आतल्या भिंतीला लावतो. एवढ्या एका बदलाने त्यांचं पहाटेचं खोकणं कमी झालेलं मी पाहिलं आहे.

खिडक्या बंद करायच्या त्या पाचच्या आत. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण हवा त्याआधीच गार व्हायला लागते. बरेच जण झोपताना खिडकी लावतात, तोवर दिवसभराची ऊब निघून गेलेली असते.

आता अगरबत्ती. रात्री पंखा बंद करा, अगरबत्ती पेटवून खिडकीच्या चौकटीजवळून सावकाश फिरवा. पडदा आधी बाजूला बांधून ठेवा. धूर सरळ वर गेला तर ठीक, आडवा झाला तर तिथे फट आहे. अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्यांना कडेने बारीक केसाळ पट्टी असते. ती पाच-सहा वर्षांत झिजते आणि तिथूनच वारा येतो. अशी पट्टी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. जुनी ओढून काढायची, खाच ब्रशने साफ करायची, नवी सरकवायची. खिडकीला अर्धा तास लागतो. मुख्य दाराखालच्या फटीसाठी आमच्याकडे जुन्या नऊवारीची घट्ट वळकटी शिवून ठेवलेली आहे. गॅलरीच्या दारालाही तशीच एक.

या फटी निर्धास्त बुजवा. दोन ठिकाणच्या मात्र कधीही बुजवू नका: बाथरूमचा झरोका आणि स्वयंपाकघरातली गॅसजवळची जाळी. थंड वारा येतो म्हणून तिथे पुठ्ठा लावलेली घरं मी पाहिली आहेत. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहितो, कारण या लेखातलं सर्वांत महत्त्वाचं तेच आहे.

फरशीवर सतरंजी किंवा तागाचं जाजम घाला, गोधड्या आणि घोंगड्या दोन दिवस कडक उन्हात वाळवा. याबद्दल आमच्या घरातल्या बायकांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

गीझरकडे येऊ. आधी बोर्डातला एमसीबी, म्हणजे गीझरच्या लाइनचा खटका, खाली पाडा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. मग प्लग काढून बघा. प्लगच्या पितळी पायांवर काळपट डाग असेल किंवा सॉकेट पिवळं पडलं असेल तर सॉकेट आणि प्लग दोन्ही बदला, एकटं एक बदलून काही होत नाही. २००० वॅटचा गीझर जवळपास ९ अँपिअर ओढतो. त्याला १६ अँपिअरचंच सॉकेट लागतं आणि वायर निदान अडीच स्क्वेअर एमएमची. माझ्या घरी मी चारची ओढली आहे. जुन्या वाड्यांतून आणि चाळींतून मला सर्वांत जास्त भीती वाटायची ती खोट्या अर्थिंगची. गळलेला करंट जमिनीत नेणारी अर्थची वायरच आलेली नसते, म्हणून कुणीतरी सॉकेटच्या मागे न्यूट्रल आणि अर्थ जोडून ठेवतो. त्यात कधी न्यूट्रल तुटला की गीझरच्या सगळ्या धातूत करंट उतरतो, आणि माणूस ओल्या फरशीवर अनवाणी उभा असतो. वायरमनला बोलावून मीटरने फेज आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा, आणि सॉकेट उघडून मागची जोडणीही बघायला सांगा, कारण असं जोडलेलं असलं तरी मीटर सगळं ठीक असल्यासारखं २३० दाखवतो. बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका, नसेल तर यंदा बसवून घ्या. असेल तर तिचं टेस्टचं बटण दाबा. ती पडली पाहिजे. पडली नाही तर ती शोभेची आहे, बदला.

गीझर तापताना कढईत लाह्या फुटल्यासारखा आवाज येत असेल तर आत एलिमेंटवर क्षारांचा थर चढला आहे. महानगरपालिकेचं धरणाचं पाणी त्या मानाने सौम्य. पण सोसायटीत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळत असेल तर दोन वर्षांत पांढरा दगड साचतो. गीझर उतरवून खोलायचं काम मेकॅनिकचं, पण तो आला की समोर उभे राहा आणि त्याला मॅग्नेशियमची कांडी दाखवायला सांगा. ती कांडी टाकीऐवजी स्वतः झिजते. नुसती तार उरली असेल तर नवी घाला. कांडी स्वस्त आहे, टाकी फुटली तर नवा गीझर घ्यावा लागतो.

गीझरखालच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी तापताना थेंब पडतात. ते पडायलाच हवेत, कारण तापलेलं पाणी फुगतं आणि त्याला वाट लागते. माझ्या एका गिऱ्हाइकाकडे प्लंबरने ‘गळतंय’ म्हणून तिथे डमी, म्हणजे बंद बूच, ठोकून दिली होती. दोन महिन्यांनी टाकीची शिवण उकलली. सुदैवाने तेव्हा बाथरूममध्ये कुणी नव्हतं. व्हॉल्व्हला छोटी दांडी असते, ती उचलून पाणी मोकळं येतं की नाही एवढं बघा. पाणी गार असताना, म्हणजे हात भाजणार नाही. थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवा. त्याहून जास्त ठेवलं तर क्षार लवकर चढतात आणि लहान मूल नळाशी गेलं तर पोळतं.

गच्चीवर सोलर असेल तर पावसाळ्यानंतर नळ्यांवर चिखल आणि कबुतरांची घाण बसलेली असते. त्या पहाटे धुवा, ऊन चढल्यावर नाही. तापलेल्या काचेवर गार पाणी पडलं की ती तडकते. दक्षिणेला नवी इमारत किंवा पाण्याची टाकी उभी राहिली असेल तर डिसेंबरात तिची सावली लांबते, म्हणून दुपारी एकदा वर जाऊन बघा. उन्हाळ्यात सावली नव्हती म्हणून आताही नसेल, असं धरू नका. खाली येणाऱ्या पाइपवरचं फोमचं वेष्टन उन्हाने भुगा झालेलं असतं, ते नवीन घाला. पाऊण इंची पाइपात दर मीटरला जवळपास तिसरा हिस्सा लिटर पाणी मावतं. वीस मीटरचा पाइप असेल तर रोज सकाळी सहा लिटर गार पाणी आधी निघतं. ते बादलीत धरा, लादी पुसायला होतं.

खोलीचा हीटर मी फक्त अण्णांच्या आणि तान्ह्या बाळाच्या खोलीसाठी घ्यायला सांगतो. घ्यायचाच तर विजेवर चालणारा, आत तेल भरलेला घ्या. तो हळू तापतो, पण त्यात उघडी लाल सळई नसते. दहा बाय बाराच्या खोलीला १००० वॅट पुरतात. आम्ही झोपण्याआधी एक तास आणि पहाटे पाच ते सहा असा लावतो, म्हणजे दिवसाला दोन युनिट. रात्रभर नाही. पहिल्यांदा लावण्याआधी पुसून घ्या आणि दुपारी गॅलरीत अर्धा तास चालवा, वर्षभराची धूळ जळून वास निघून जातो. एक्स्टेन्शन बोर्डावर लावू नका. तीन फुटांच्या आत पडदा, गोधडी नको आणि त्यावर ओले मोजे तर मुळीच वाळत घालू नका. विजेचा हीटर खोलीतला ऑक्सिजन खातो असं लोक म्हणतात. तसं होत नाही, तिथे काही जळत नाही. घसा कोरडा पडतो तो हवा तापल्यामुळे.

ऑक्सिजन खातो तो गॅस गीझर आणि कोळशाची शेगडी.

मी सात-आठ वर्षांचा असेन. वाड्यातल्या मधल्या खोलीत आत्या बाळंतीण होती. बाजेखाली शेगडी, शेकायला निखारे, ओवा-शेपेची धुरी, हे सगळं रीतीप्रमाणे. त्या वर्षी थंडी जास्त होती म्हणून आजीने दाराला घोंगडी लावली आणि खिडकीच्या फटींत चिंध्या कोंबल्या. पहाटे बाळ रडलं नाही म्हणून आई बघायला गेली. आत्या जागी होत नव्हती, ओठ हलत होते पण शब्द फुटत नव्हता. आईने घोंगडी ओढून काढली आणि दोघांना अंगणात आणलं. दोघंही वाचली. आत्या आज सत्त्याहत्तर वर्षांची आहे. त्या वेळी ‘बाहेरचं काही लागलं’ म्हणून नारळ उतरवला गेला. ते काय होतं हे मला आयटीआयमध्ये गेल्यावर कळलं.

कोळसा किंवा गॅस पुरेशा हवेविना जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून जास्त घट्ट चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, पाय जड होतात, आणि माणसाला वाटतं की झोप येते आहे. गॅस सिलिंडरचा वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, त्यामुळे ‘वास आला असता की’ हा भरवसा इथे चालत नाही.

म्हणूनच बाथरूमचा झरोका आणि गॅसजवळची जाळी बुजवायची नाही, आणि म्हणूनच गॅस गीझर बाथरूमच्या आत नको. ड्राय बाल्कनीत, मोकळ्या हवेत बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत घ्या. भाड्याच्या घरात आतच बसवलेला असेल तर मालकाशी भांडून बाहेर काढून घ्या. तोवर दार उघडं ठेवून बादल्या भरा, गीझर बंद करा, आणि मगच अंघोळीला आत जा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर सर्व्हिसिंग होईपर्यंत तो वापरू नका. कुणी आत बराच वेळ असेल आणि हाकेला ओ देत नसेल तर दार फोडा, गॅस बंद करा, त्या माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन करा. शेगडी, घमेल्यातले निखारे झोपायच्या खोलीत कधीही नकोत, बाळंतिणीसाठीसुद्धा नकोत. वाड्याच्या फटींमुळे पूर्वी बरेच जण वाचले. आत्ताच वर सांगितल्याप्रमाणे पट्टी बदललेल्या खिडकीत तशी फट उरलेली नसते.

रबरी पिशवीबद्दल एक सांगायलाच हवं. मधुमेहाने अण्णांच्या पावलांना संवेदना कमी आहे. दोन वर्षांपूर्वी पिशवीने टाच भाजली आणि त्यांना सकाळपर्यंत कळलं नाही, जखम भरायला अडीच महिने लागले. आता आम्ही पिशवी अंथरुणात आधी ठेवतो, गादी कोमट झाली की काढून घेतो, आणि त्यांना लोकरीचे मोजे घालतो. पिशवी दोन तृतीयांशच भरा, हवा दाबून काढा, उकळतं पाणी घालू नका आणि बुचातला वॉशर दरवर्षी बघा.

नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री एकदा सगळं चालवून बघा. आमचा गीझर २५ लिटरचा. ६० अंशांचं ते पाणी गारात मिसळलं की अंघोळीजोगं ५० लिटर होतं, म्हणजे अडीच बादल्या. पुन्हा तापायला पस्तीस मिनिटं. सहा जणांना तीन वेळा तापवावं लागतं, म्हणून गीझर साडेतीनला सुरू होतो. अण्णा आणि नात पहिल्या खेपेला, मग सून आणि मुलगा, शेवटी आम्ही दोघं. उटणं लावेपर्यंत पुढची खेप तापलेली असते, आणि पाणी काढताना मी दरवेळी गीझरचं बटण बंद करतो.