अलाइनमेंट सगळ्यात शेवटी: ओढणाऱ्या, थरथरणाऱ्या हॅचबॅकला गॅरेजात नेण्याआधीची तयारी

‘गाडी जरा डावीकडे ओढतेय’ एवढंच सांगून गाडी सोडली की संध्याकाळी हमखास एकच निदान ऐकायला मिळतं: अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवून घ्या. पैसे जातात, दोन दिवस बरं वाटतं, तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी या फेऱ्यात तीनदा सापडलो. माझी गाडी सेकंडहँड घेतलेली फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, चाकणच्या कारखान्यातली. 1.2 लिटरचं टर्बो इंजिन, 105 पीएस, 175 न्यूटन मीटर टॉर्क, आणि सगळी ताकद पुढच्या दोन चाकांवर. असल्या गाडीचं स्टीअरिंग तसूभर बिघडलं तरी हाताला लगेच कळतं. का बिघडलं ते कळायला मात्र मला अडीच महिने लागले. तेव्हापासून गॅरेजात जाण्याआधी काय काय उरकायचं हे ठरून गेलंय. स्विफ्ट असो, आय-20 एन लाइन असो की जुनी पुंटो, क्रम हाच ठेवा, आकडे तेवढे आपापल्या गाडीचे घ्या.

सुरुवात वही-पेनाने. थट्टा नाही. गाडी काय करते यापेक्षा कधी करते हे महत्त्वाचं, आणि ते गॅरेजच्या दारात उभं राहून आठवत नाही. किती वेगाला? ब्रेक दाबल्यावर की अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर? थंड गाडीला की तासभर चालवल्यावर? थरथर हाताला जाणवते की बसल्या जागेला? आवाज खड्ड्यात येतो की पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण फिरवताना? आणि हे सुरू होण्याआधी काय घडलं होतं: नवे टायर बसवले, पंक्चर काढलं, की पावसात डबक्याखालच्या खड्ड्यात चाक आदळलं? बहुतेक वेळा उत्तर याच शेवटच्या ओळीत असतं आणि तीच आपण सांगायला विसरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी जागची हलवण्याआधी हवा बघा. थंड टायरची हवा हीच खरी. पाच-सहा अंश तापमान वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो, त्यामुळे दुपारी पंपावर मोजलेल्या आकड्याला फारसा अर्थ नाही. किती हवी ते ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावर किंवा पेट्रोलच्या झाकणाच्या आत चिकटवलेलं असतं. पंपावरचा पोरगा म्हणेल ‘पस्तीस टाकू का?’, त्याच्या भरवशावर राहू नका. खिशात मावणारा स्वतःचा गेज घ्या, कारण इथे आकड्यापेक्षा डाव्या-उजव्यातला फरक जास्त छळतो. पुढच्या एका चाकात चार-पाच पीएसआय कमी असले तर गाडी त्या बाजूला ओढणारच. त्यात बिघाड कसला शोधायचा?

हवा भरली की हात काळे करायचे. तळहात टायरवर आडवा फिरवा, आतून बाहेर, मग बाहेरून आत. एका दिशेला गुळगुळीत आणि उलट दिशेला करवतीसारखं टोचत असेल तर टो (वरून पाहता चाक आत किंवा बाहेर वळलेलं असण्याचा कोन) बिघडलाय. दोन्ही कडा झिजलेल्या म्हणजे हवा कमी राहत होती, मधला पट्टा झिजला म्हणजे जास्त. फक्त आतली कड गेली असेल तर टो किंवा कॅम्बर (समोरून पाहता चाकाचा आत-बाहेर कल), आणि ती कड उभ्या माणसाला दिसतच नाही. स्टीअरिंग पूर्ण वळवून, खाली वाकून बघावी लागते. टायरवर थोड्या थोड्या अंतरावर खोलगट चट्टे असतील तर जंपर (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) बघायला सांगा. बाजूच्या भिंतीवर फुगवटा दिसला तर पुढची यादी बंद, आधी टायर बदला. टायरच्या भिंतीवरच्या डीओटी अक्षरांच्या ओळीच्या शेवटचे चार आकडेही टिपून ठेवा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. एकाच अ‍ॅक्सलवर दोन वेगळ्या कंपन्यांचे किंवा वेगवेगळ्या वयाचे टायर असतील तर ते वहीत मोठ्या अक्षरात लिहा. दोनच नवे घ्यायचे असतील तर ते मागे बसवा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीला पुढे हवेत, असं दुकानात सांगतात. पण ओल्या वळणावर मागची चाकं आधी सुटली की साधा माणूस गाडी सावरू शकत नाही.

आता चाकं. इथे जरा रेंगाळतो, कारण माझे अडीच महिने इथेच गेले.

माझ्या गाडीला आधीच्या मालकाने बाहेरून घेतलेले सतरा इंची अलॉय बसवले होते. दिसायला झकास. पण 85 च्या पुढे स्टीअरिंग थरथरायचं, 110 ला जवळजवळ थांबायचं. दोन दुकानांत मिळून तीन अलाइनमेंट आणि चार वेळा बॅलन्सिंग झालं. मशीनवर प्रत्येक वेळी शून्य. शेवटी एका म्हाताऱ्या टायरवाल्याने चाक काढलं, हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या भागाच्या) गोल उंचवट्यावर टेकवलं, बोटाने हलवलं आणि म्हणाला, “हे बघा, हे इथं लटकतंय नुसतं.” पोलोचा हब 57.1 मिलिमीटरचा. बाहेरच्या अलॉयचं मधलं भोक सगळ्या गाड्यांना चालावं म्हणून मोठं ठेवतात आणि मधली फट भरायला एक पातळ रिंग देतात. ती रिंग माझ्या चारही चाकांत नव्हती. त्यात या गाडीला हबमधून बाहेर आलेले स्टड आणि नट नसतात. चाक हवेत धरून बोल्ट आत पिळायचे, म्हणजे रिंग नसेल तर चाक मध्यावर बसणं नशिबावर. बॅलन्सिंगचं मशीन चाकाला स्वतःच्या शंकूवर मध्यभागी धरतं, म्हणून तिथे सगळं आलबेल दिसायचं.

बोल्टही चुकीचे होते. फोक्सवॅगनच्या मूळ बोल्टचं टेकायचं तोंड गोळ्यासारखं गोल असतं, बाहेरच्या बहुतेक अलॉयला उतरतं, शंकूसारखं लागतं. गोल तोंडाचा बोल्ट शंकूच्या खाचेत फक्त एका बारीक कडेवर टेकतो आणि हळूहळू सैल पडतो. त्यामुळे बाहेरचे अलॉय असतील तर एक चाक काढून या दोन गोष्टी डोळ्यांनी बघा, आणि बसवताना एअर गनने ठोकू न देता टॉर्क पान्याने 120 न्यूटन मीटरला आवळायला सांगा, चांदणीच्या क्रमाने. मूळ चाकं घरात पडून असतील तर ती बसवून एक चक्कर मारा. अर्ध्या तासात अर्धा प्रश्न मिटतो.

मग रस्ता. जोडीला कोणीतरी घ्या, वही त्यांच्या मांडीवर. रविवारी सकाळी सहाला जुना मुंबई-पुणे रस्ता बरा, पुण्यातल्या अपघातांसाठी बदनाम नवले पुलाच्या उतारावर असले प्रयोग करायचे नाहीत. निघण्याआधी गाडी सरळ उभी करून स्टीअरिंगच्या माथ्यावर कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा, सरळ जाताना तो बाराच्या काट्यावर राहतो की नाही ते दिसतं. आपले रस्ते पाणी निथळावं म्हणून डावीकडे उतरते असतात, त्यामुळे गाडी किंचित डावीकडे कलली तर घाबरू नका. मोकळा सपाट पट्टा मिळेल तिथे पुन्हा बघा. तिथेही ओढत असेल तर घरी येऊन पुढची दोन चाकं आपसात बदला (टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तरच). ओढ दुसऱ्या बाजूला गेली म्हणजे दोष टायरच्या बांधणीत आहे, अलाइनमेंट जन्मभर करत बसलात तरी जाणार नाही.

थरथर हाताला जाणवली तर पुढची चाकं, बसल्या जागेला जाणवली तर बहुधा मागची. फक्त ब्रेकवर आली तर ब्रेकची डिस्क. फक्त जोर दिल्यावर आली आणि पाय काढताच थांबली तर ड्राइव्हशाफ्टचा (इंजिनची ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंट. पूर्ण वळवून निघताना कटकट झाली तर बाहेरचा. घूं-घूं आवाज डावीकडे वळताना वाढला तर उजवं बेअरिंग, कारण भार तिकडे जातो.

सगळ्यात जास्त फसवणारा दोष लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याच्या) बुशचा, म्हणजे त्यातल्या रबरी सांध्याचा. रबर फाटलं की अख्खा आर्म पुढेमागे सरकतो आणि चाकाचा कोन चालता चालता बदलतो. त्याची खूण अशी: सपाट रस्त्यावर, मागे कोणी नसताना, हलका ब्रेक दाबला की गाडी एकीकडे झुकते आणि जोर दिला की दुसरीकडे. उभ्या गाडीवर हे सापडत नाही, अलाइनमेंटच्या मशीनवर तर नाहीच, कारण तिथे गाडी शांत उभी असते. आता टर्बो गाडीत पहिल्या-दुसऱ्या गिअरला पाय दाबला की स्टीअरिंग हातात थोडं ओढ घेतंच. तो तिचा स्वभाव. पण सहा महिन्यांपूर्वी घेत नव्हतं तेवढं आता घेतंय असं वाटलं तर बुश आणि इंजिन माउंट दोन्ही वहीत लिहा.

घरी दोन तपासण्या करता येतात. पुढचं एक चाक जॅकवर घ्या, हँडब्रेक ओढा, मागच्या चाकांना विटा लावा, आणि स्टेपनी गाडीच्या कडेखाली सरकवून ठेवा. गाडीसोबत आलेल्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली डोकंसुद्धा घालायचं नाही. चाक वर-खाली धरून हलवा: खेळ (सैल हालचाल) असेल तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट (आर्मला चाकाशी जोडणारा सांधा). डावी-उजवीकडे धरून हलवा: खेळ असेल तर टाय रॉड (स्टीअरिंगपासून चाकापर्यंतचा दांडा).

दुसरी तपासणी चाकं जमिनीवर ठेवूनच. बॉनेट उघडून तिथला आवाज ऐका, आणि घरातल्या कोणालातरी इंजिन चालू ठेवून स्टीअरिंग सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांगा. चाकाच्या मागच्या पोकळीत पुढच्या स्प्रिंगला बाहेरून तळहात टेकवा, बोटं वेटोळ्यांत घालू नका. स्प्रिंग हाताखाली सरसर फिरली पाहिजे. ती अडून बसली आणि मग ‘टण्ण’ करून एकदम सुटली तर स्प्रिंगच्या वरच्या माउंटचं (आधाराचं) बेअरिंग जाम झालंय. वळण संपल्यावर स्टीअरिंग आपोआप मध्यावर न येणं, किंवा उजवं वळण घेतल्यावर उजवीकडे आणि डावं घेतल्यावर डावीकडे ओढणं, ही त्याचीच लक्षणं. आमच्याकडे आई स्टीअरिंग फिरवायला बसली होती. तिला गाडी चालवता येत नाही, पण “आत काहीतरी उडी मारतंय” हे तिनेच आधी सांगितलं.

इलेक्ट्रिक पॉवर स्टीअरिंगबद्दल एवढंच: दिवा लागला किंवा स्टीअरिंग अचानक जड झालं तर आधी बॅटरी मोजून घ्या. मोटरचा खर्च सांगणारे पुष्कळ भेटतील.

गॅरेजला जाताना वही, पूर्वीच्या अलाइनमेंटचे कागद, अलॉयच्या बोल्टची किल्ली आणि हवा भरलेली स्टेपनी सोबत असू द्या. पेट्रोल साधारण अर्धी टाकी, आणि डिकीत साठलेलं घरचं सामान काढून. मेकॅनिकला निदान सांगू नका, लक्षणं सांगा, आणि जमलं तर शेजारी बसून एक चक्कर मारायला लावा. सैल, फाटलेलं, वाकलेलं सगळं बदलून झाल्यावरच गाडी अलाइनमेंटला चढवायची. खेळणाऱ्या बुशवर केलेली अलाइनमेंट पहिल्या गतिरोधकापर्यंत टिकते.

तिथे आधीचा आणि नंतरचा असे दोन्ही प्रिंट मागा. ‘सगळं हिरवं आहे साहेब’ यावर उठू नका. डाव्या-उजव्या कॅम्बरमध्ये अर्ध्या अंशाहून, म्हणजे 30 मिनिटांहून, जास्त फरक असेल तर विचारा. पोलोत पुढचा कॅम्बर एकेका चाकाला वेगळा लावायची सोय नाही, खालची सबफ्रेम (आर्म ज्यावर बसवलेले असतात तो सांगाडा) सरकवून दोन्हीकडे सारखा वाटता येतो, बस. त्यानेही जुळला नाही तर काहीतरी वाकलंय. मागचा अ‍ॅक्सल तर एकसंध बीम, तिथे स्क्रूच नाही. मागचा टो बिघडला असेल तर पुढचं कितीही लावा, मूळ दोष तसाच राहतो आणि गाडी किंचित तिरकी चालू शकते. त्यासाठी बीमचं बुश किंवा फुटपाथला आदळलेलं चाक शोधावं लागतं. मशीनवरून उतरवण्याआधी स्टीअरिंगच्या कोनाचा सेन्सर स्कॅनरने शून्यावर आणून घ्या.

परत येताना तोच रस्ता, तीच हवा, तीच चिकटपट्टी. शंभर किलोमीटर झाले की चारही चाकांचे बोल्ट पुन्हा एकदा टॉर्क पान्याने बघा, मग पट्टी काढा. उन्हात फार दिवस राहिली तर तिचा गोंद चामड्याला चिकटतो.