मिडलवेटवर राज्य कोण करणार? कट्ट्यावर वाद घालायचा तर असा घाला

आपल्याकडं कुस्तीवर वाद घालायला कुणी शिकवावं लागत नाही. खानापूर घ्या नाहीतर निपाणी घ्या, आखाड्याच्या कडेला बसलेला म्हातारासुद्धा कोण कुठल्या डावावर गेला, दम कुणाचा कमी पडला, जोड बरोबर लावली होती का, सगळं बिनचूक सांगतो. पण बॉक्सिंगचा विषय निघाला की तीच शहाणी माणसं मोबाईल काढतात, पंधरा सेकंदाचं एक रील दाखवतात आणि "बघ की, एका ठोशात झोपवलाय, आता दहा वर्षं हाच" असं म्हणून मोकळी होतात. मग दुसरा त्याचं रील काढतो. याला वाद नाही म्हणत, मोबाईलची अदलाबदल म्हणतात. तर गड्यांनो, या विषयावर नीट भांडायचं कसं ते सांगायलोय, पटलं तर घ्या.

आधी वजन ठरवा. हसू नका, निम्मी भांडणं इथंच होतात. आपल्यातल्या बऱ्याच जणांनी मिडलवेट हे वजनगटाचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते 2008 साली, विजेंदर सिंगनं बीजिंग ऑलिम्पिकला ब्राँझ आणलं तेव्हा, आणि ते होतं 75 किलो. प्रोफेशनल मिडलवेटची मर्यादा 160 पौंड, म्हणजे साडेबहात्तर किलोच्या जरा वर. प्रोमध्ये गेल्यावर विजेंदर खेळला तो सुपर मिडलवेटला, म्हणजे 168 पौंडला. त्यामुळं ऑलिम्पिकचा मिडलवेट आणि प्रोचा मिडलवेट एकाच पोत्यात घालू नका. एकीकडं तीन राउंड, दुसरीकडं टायटल फाइटला बारा. तीन राउंडात भारी दिसणाऱ्याचं नवव्या राउंडात काय होतंय हा वेगळाच विषय आहे. आणि खाली 154, वर 168, ही दोन शेजारची घरं डोक्यात ठेवा, पुढं लई कामाला येतात.

दुसरं म्हणजे राज्य करणं म्हणजे नक्की काय ते समोरच्याकडून कबूल करून घ्या. बेल्ट तर चार संघटनांचे चार आहेत, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ, त्यामुळं एकाच वेळी चार जण चॅम्पियन असू शकतात आणि चौघांचे चाहते आमचाच खरा म्हणून ओरडू शकतात. एक बेल्ट कमरेला आहे म्हणून राज्य असं धरलं तर वादच संपला, सगळेच राजे. माझ्या मते राज्य म्हणजे त्या वजनात वर्षानुवर्षं टिकून, जो समोर येईल त्याला घेऊन, टायटल राखणं. कार्लोस मोन्झोननं 1970 मध्ये रोमला जाऊन बेनवेनुतीला पाडलं आणि 1977 ला टायटल हातात असतानाच रिटायर झाला, मधे 14 डिफेन्स, म्हणजे 14 वेळा टायटल राखलं. मार्व्हिन हॅगलर 1980 ते 1987, 12 डिफेन्स. बर्नार्ड हॉपकिन्स 1995 ते 2005, 20 डिफेन्स, आणि 2004 मध्ये चारही बेल्ट एकट्याकडं. कझाकिस्तानचा गेन्नाडी गोलोव्किनसुद्धा याच रांगेतला.

आता या चौघांत सारखं काय आहे ते बघा. ठोसा म्हणाल तर चौघांचा वेगळा. हॉपकिन्स काय एका ठोशात झोपवणारा माणूस नव्हता, तो समोरच्याला हळूहळू बिघडवायचा. सारखं आहे ते एवढंच की हे लोक 160 ला राहिले. वर जास्त पैसे दिसले म्हणून पळाले नाहीत, आणि वर्षानुवर्षं वजन बसवत राहिले. म्हणून माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, की मिडलवेटवर कोण राज्य करणार हे विचारताना कोण सगळ्यात जोरात मारतोय हे नंतर विचारा, आधी कोण इथं राहणार आहे ते विचारा.

हे वजन मधलं आहे, इथं पाहुणे लई येतात. खालून 147, 154 वाले मोठं नाव कमवायला येतात, काही जण 168 ला जायच्या आधी थोडे दिवस थांबतात. मेक्सिकोच्या कानेलो अल्वारेझचंच घ्या. 2015 च्या नोव्हेंबरात कोट्टोला हरवून डब्ल्यूबीसीचा मिडलवेट बेल्ट घेतला, तोही 155 पौंडाच्या ठरवलेल्या वजनावर, आणि पुढच्या मे महिन्यात बेल्ट सोडून दिला. नंतर 2017 ला परत आला, 2018 ला जिंकला, आणि 2019 च्या शेवटी थेट लाइट हेवीवेटला जाऊन कोव्हालेव्हला पाडला. बॉक्सर जबरदस्त, त्यात वादच नाही, पण 160 चा राजा म्हणून त्याचं नाव घेणाऱ्याला "किती दिवस होता सांग" एवढंच विचारायचं. शुगर रे लिओनार्डचं पण तेच, हॅगलरला हरवलं आणि टायटल सोडून निघून गेला.

ताजं उदाहरण म्हणजे हमजा शिराझ. उंच गडी, लांब हात, सगळे म्हणायला लागले पुढचा मिडलवेट हाच. 2025 च्या फेब्रुवारीत रियाधला कार्लोस ॲडामेसशी डब्ल्यूबीसी टायटलसाठी फाइट झाली, ड्रॉ निघाली, बेल्ट ॲडामेसकडंच राहिला. आणि जुलैत शिराझ न्यूयॉर्कला 168 पौंडात उतरून बर्लांगाला पाचव्या राउंडात झोपवून मोकळा. आता ज्यांनी पाच वर्षांचं राज्य लिहून दिलं होतं ते काय करणार?

मग कोण राहणार ते ओळखायचं कसं? वजन करताना त्याचा चेहरा बघा. वजन आदल्या दिवशी होतं, फाइट दुसऱ्या दिवशी, मधल्या वेळेत पाणी-जेवण घेऊन ही मंडळी कितीतरी किलो फुगतात. गाल आत गेलेले, ओठ सुकलेले, काट्यावर चढताना टॉवेल धरून कपडे पण काढायची पाळी आलेली, असा गडी दिसला की समजायचं हा इथं जास्त दिवस नाही. आयबीएफ तर बरीच वर्षं फाइटच्या दिवशी सकाळी परत काट्यावर चढवायची आणि 160 च्या वर 10 पौंडाची मर्यादा लावायची, त्यामुळं तेव्हा त्या बेल्टसाठी कोण धडपडत होता आणि कोण टाळत होता ते पण बघा. वय आणि उंची दोन्ही एकत्र बघा, पंचवीस वर्षांचा सहा फुटी गडी अजून भरणार आहे, बत्तीस वर्षांचा पावणेसहा फुटी बहुतेक इथंच राहील. आणि मोठ्या पैशाची फाइट कुठल्या वजनात आहे ते विचारा. 168 ला मोठं नाव उभं असेल तर कुठला प्रमोटर आपल्या गड्याला 160 ला बसवून ठेवेल?

रेकॉर्ड वाचायची पण एक रीत आहे. 20-0, 25-0 (म्हणजे 20 किंवा 25 जिंकल्या, एकही हरला नाही) बघून भुलू नका, समोर कोण होते ते बघा, आणि समोरचे मुळात कुठल्या वजनाचे होते ते तर नक्कीच बघा. 2001 च्या सप्टेंबरात फेलिक्स ट्रिनिडाड हा बॉक्सर 40-0 होता, सगळे त्याच्याच बाजूनं होते, हॉपकिन्स 36 वर्षांचा म्हातारा म्हणून मोडीत काढलेला. पण ट्रिनिडाड वेल्टरवेटवरून, म्हणजे 147 वरून, चढत आलेला आणि हॉपकिन्स वर्षानुवर्षं 160 चा. बाराव्या राउंडात फाइट थांबवायला लागली. डे ला होयाची गोष्ट तर अजून सोपी, 130 पौंडापासून चढत चढत आलेला माणूस, 2004 ला हॉपकिन्सचा एक बॉडी शॉट लिव्हरवर बसला आणि नवव्या राउंडात खेळ खलास. हे उलट्या बाजूनं पण लावायचं बरं का. 2024 च्या सप्टेंबरात एरिसलँडी लारानं 41 व्या वर्षी टायटल राखलं, कौतुक आहेच, पण समोर डॅनी गार्सिया होता, ज्याचं मोठं नाव 140 आणि 147 ला झालेलं. अशा विजयाला किती वजन द्यायचं ते तुम्हीच ठरवा, मी निम्मं देतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि हेच कुणी करत नाही. फाइट बघताना आवाज बंद करा. खरंच सांगतो, कॉमेंटेटर ज्याच्या प्रेमात असतो त्याचा हवेत गेलेला ठोसा पण आपल्याला लागलेला वाटतो. एक वही घ्या, दोन रकाने करा, प्रत्येक राउंड संपला की लगेच 10-9 लिहा, जिंकणाऱ्याला 10, हरणाऱ्याला 9, नॉकडाउन असेल तर बहुतेक 10-8, आणि मागं जाऊन खोडायचं नाही. स्वच्छ कोणाचे लागले ते आधी बघा, पुढं कोण चालत होता ते नंतर, कारण नुसतं पुढं चालत ठोसे खाणं म्हणजे जिंकणं नव्हे. जो राउंड कुणालाही देता येईल त्याच्यापुढं प्रश्नचिन्ह टाका. शेवटी प्रश्नचिन्हं मोजा. चार-पाच निघाली तर त्या फाइटवर "लुटलं, लुटलं" म्हणून बोंबलायचा हक्क तुमच्याकडं नाही, निकाल कुठंही जाऊ शकत होता.

हे का म्हणतोय तर हॅगलर-लिओनार्ड बघा, 6 एप्रिल 1987. एका जजनं 115-113 हॅगलर दिला, दुसऱ्यानं 115-113 लिओनार्ड, आणि तिसऱ्यानं 118-110 लिओनार्ड! तीस वर्षांनी, 2017 च्या सप्टेंबरात, कानेलो-गोलोव्किन पहिली फाइट. एका जजचं कार्ड 115-113 गोलोव्किन, एक 114-114, आणि एक परत तेच, 118-110 कानेलो. फाइट ड्रॉ. माझ्या मते दोन्ही 118-110 वेडेपणाच होता, पण हॅगलरची फाइट मात्र जवळची होती, मला ती लिओनार्डनं एका राउंडानं काढली असंच वाटतं, यावर अनगोळच्या एका मित्राशी माझं बोलणं बंद व्हायची वेळ आली होती. तो म्हणतो हॅगलर चालत होता, लिओनार्ड पळत होता. मी म्हणतो पहिले दोन-तीन राउंड हॅगलर त्याची डावखुरी उभं राहायची पद्धत सोडून उजव्यासारखा उभा राहिला आणि फुकट घालवले, ते कुणी द्यायचे परत? असा वाद असेल तर मजा येते, राउंडचं नाव घेऊन बोलायचं.

स्टाइलवर फार लांबण लावत नाही. डावखुरा समोर आला की चांगल्या चांगल्यांची गडबड होते, कारण सरावाला तसे लोक कमी मिळतात, लारा डावखुरा, कझाकिस्तानचा जानिबेक अलीमखानुली पण डावखुरा. म्हणून "अमक्यानं तमक्याला हरवलं, तमक्यानं यांना हरवलं, म्हणजे अमका यांना हरवणारच" हा हिशेब बॉक्सिंगमध्ये चालत नाही. बोलणाऱ्याला तिथंच थांबवा.

आणि एका ठोशाची जागा ठेवा. टोकियो ऑलिम्पिकला 75 किलोच्या फायनलमध्ये युक्रेनचा खिझन्याक पहिले दोन्ही राउंड घेऊन बसला होता, तिसऱ्यात ब्राझीलच्या एबर्ट कॉन्सेसाओचा एक लेफ्ट हुक बसला आणि गोल्ड ब्राझीलला. म्हणून कुणी "शंभर टक्के" म्हणाला की त्याचा मुद्दा आपोआप निम्मा झाला असं धरायचं.

कट्ट्याचे नियम सांगतो. ग्रुपमध्ये एकेकानं आपलं भाकीत लिहायचं, नाव, किती वर्षं, किती डिफेन्स, आणि पुढच्या तीन फाइट कोणाशी होतील ते. "लई भारी आहे" हे भाकीत नव्हे. तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट ठेवायचा, कारण दोन वर्षांनी सगळेच म्हणतात मी तर आधीच सांगितलं होतं. आमच्यात कानडी मित्र पण असतात, वाद निम्मा मराठीत निम्मा कन्नडमध्ये होतो, आकडे मात्र सगळ्यांना कळतात, म्हणून आकडा लिहायचाच. व्हेगासची मोठी फाइट आपल्याकडं रविवारी सकाळी साडेआठ-नवाच्या सुमाराला लागते, तेव्हा एकाच्या घरी जमा. रियाधची असेल तर शनिवारी मध्यरात्र उलटून जाते, झोप काढून दुसऱ्या दिवशी बघणार असाल तर मोबाईल बंद ठेवा, ग्रुपमधला एखादा शहाणा निकाल टाकतोच.

पैशाची पैज नको, त्यात मैत्री जाते. आमच्यात हरणाऱ्यानं अर्धा किलो कुंदा, आपली बेळगावी मिठाई, आणायचा. फक्त ड्रॉ झाली तर कुंदा कुणी आणायचा ते आधी लिहून ठेवा. शिराझ-ॲडामेसच्या वेळी ते ठरलं नव्हतं, दोन्ही बाजू आम्हीच जिंकलो म्हणत बसल्या आणि कुंदा आजपर्यंत आलेला नाही.