श्वसनरोग व अतिदक्षता विभागातील शैक्षणिक बैठका : या चुका टाळा

केस प्रेझेंटेशन, जर्नल क्लब (संशोधन-लेखावरची चर्चा), रेडिओलॉजी मीट आणि मॉर्टॅलिटी मीट (मृत्यूंचा आढावा) या चारही बैठका वेळापत्रकानुसार होत असूनही निवासी डॉक्टर मागच्या रांगेत मोबाइल पाहत बसत असतील, तर त्यांच्या आळसाला बोल लावण्याआधी बैठकीची मांडणी तपासावी.

केस प्रेझेंटेशनमधील नेहमीची चूक म्हणजे निदान शीर्षकातच सांगून टाकणे. उत्तर फुटलेल्या कोड्यात कोणी डोके घालत नाही. माहिती वॉर्डात ज्या क्रमाने हाती आली त्याच क्रमाने मांडावी आणि पुढची स्लाइड दाखवण्यापूर्वी, ब्रॉन्कोस्कोपी (श्वासनलिकेची दुर्बिणीतून तपासणी) आता करायची की थांबायचे, याचे उत्तर समोरच्यांकडून काढून घ्यावे. सुरुवात सर्वांत कनिष्ठ विद्यार्थ्यापासून करावी, कारण विभागप्रमुख एकदा बोलले की मतभेद सहसा उरत नाहीत (निदान उघडपणे तरी नाहीत).

व्हेंटिलेटरवरील रुग्णाबाबत ‘लंग प्रोटेक्टिव्ह व्हेंटिलेशन (फुफ्फुसाला इजा होणार नाही असा बेताचा श्वास) दिले’ एवढ्यावर समाधान मानणे ही त्याहून गंभीर चूक आहे. टायडल व्हॉल्यूम, म्हणजे एका श्वासात दिली जाणारी हवा, उंचीवरून काढलेल्या अपेक्षित वजनानुसार ठरतो, काट्यावरच्या वजनानुसार नव्हे. १७० सेंमी उंचीच्या पुरुषाचे अपेक्षित वजन सुमारे ६६ किलो येते. म्हणजे किलोला ६ मिली या हिशेबाने ३९६ मिली. त्याचे प्रत्यक्ष वजन ९० किलो आहे म्हणून ५४० मिली दिले, तर टायडल व्हॉल्यूम अपेक्षित वजनाच्या हिशेबाने किलोला ८ मिलीच्या पुढे गेला. उंची आणि प्लॅटो प्रेशर (श्वास आत थांबवून मोजलेला दाब) सांगितल्याशिवाय प्रेझेंटेशन पुढे सरकू देऊ नये. दोन-तीन वेळा अडवले की विद्यार्थी टेप घेऊन रुग्णाच्या खाटेपाशी जाऊ लागतात.

जर्नल क्लबमध्ये गोषवारा वाचून दाखवला जातो आणि सगळे पी-व्हॅल्यूवर (निष्कर्षाचे संख्याशास्त्रीय महत्त्व दाखवणाऱ्या आकड्यावर) येऊन थांबतात. व्हेंटिलेटरवरील रुग्णांना पालथे झोपवण्याच्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या प्रोसेव्हा चाचणीचे उदाहरण घ्यावे. तीत ४६६ रुग्ण होते. २८ दिवसांतील मृत्यूचे प्रमाण पालथे झोपवलेल्या गटात १६ टक्के, तर उताणे ठेवलेल्या गटात ३२.८ टक्के होते. हे आकडे पाठ असलेल्या विद्यार्थ्याला, हे रुग्ण कोणते होते, असे विचारावे. रक्तातील ऑक्सिजनचा दाब आणि श्वासातील ऑक्सिजनचे प्रमाण यांचे गुणोत्तर १५० पेक्षा कमी असलेले, १२ ते २४ तास स्थिरावू दिल्यानंतरही निकषांत बसलेले, आणि या पद्धतीचा ५ वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या केंद्रांतले, एवढे कळल्यावरच आपल्या आयसीयूत रात्रपाळीला रुग्ण सुरक्षितपणे पालथा करण्याइतकी माणसे असतात का, ही खरी चर्चा सुरू होते.

रेडिओलॉजी मीटमध्ये रुग्णाचा इतिहास सांगण्यापूर्वी रेडिओलॉजिस्टना एचआरसीटी (छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन) वाचू द्यावा आणि जुन्या फिल्म न चुकता आणाव्यात.

मॉर्टॅलिटी मीट बिघडते ती शेवट ठाऊक असल्यामुळे. रुग्ण दगावला हे माहीत असताना पहाटे २ वाजता इंट्युबेशन (श्वासनलिकेत नळी घालणे) लांबवणारा रेसिडेंट हमखास चुकीचा दिसतो. म्हणून त्या वेळी मॉनिटरवर आणि एबीजीमध्ये (धमनीतील रक्ताच्या वायू-तपासणीत) जेवढे दिसत होते तेवढेच आधी दाखवावे, नावे वगळावीत आणि थांबण्याचा निर्णय तेव्हा योग्य का वाटला, हे विचारावे. ॲनेस्थेशियाला फोन करायला तो कचरला, की फोन करूनही कोणी आले नाही, यांवरचे उपाय अगदी वेगळे आहेत. जो बदल ठरेल त्याची जबाबदारी व तारीख तिथेच लिहून घ्यावी आणि पुढच्या महिन्याची बैठक नव्या केसने नव्हे, तर त्या कागदाने सुरू करावी.