रिपीटर बहिरा का होत होता

इंदूरचा आमचा हॅम (हौशी) रेडिओचा दोन मीटर बँडवरचा रिपीटर, म्हणजे दुबळा सिग्नल ऐकून तोच जोरात पुन्हा पाठवणारं स्टेशन, पावसाळ्यानंतर त्रास देऊ लागला. जवळची स्टेशनं स्वच्छ यायची, पण महूहून कुणी हँडहेल्डवर, म्हणजे हातातल्या छोट्या सेटवर, बोललं की आवाज तुकड्यातुकड्यांत. ट्रान्समीटर चालू झाला की रिसीव्हर बहिरा, बंद झाला की पुन्हा ठणठणीत. दोन्हींच्या फ्रिक्वेन्सींत अंतर जेमतेम 600 किलोहर्ट्झ, म्हणून एकाच अँटेनावर दोघांना वेगळं ठेवणाऱ्या डुप्लेक्सरवरच मी संशय घेतला.

रामबागेतले काका म्हणाले, "अरे, डुप्लेक्सरचे स्क्रू फिरवू नकोस. आधी अँटेना काढून डमी लोड लाव." अँटेनाऐवजी सिग्नल जिरवणारा तो लोड लावला. दोष तसाच, म्हणजे गडबड खोलीतच.

सापडली ती रिसीव्हरकडे जाणारी हातभर आरजी-58 केबल. वरचं आवरण सोललं तर सिग्नल अडवणारी तारांची एकेरी जाळी ओलीने काळी पडलेली. तिथूनच ट्रान्समीटरचा सिग्नल आत शिरत होता. तिथे आरजी-214च हवी, चांदीचा मुलामा असलेल्या दुहेरी जाळीची. पण मीटरभर कापून कुणी देईना. शेवटी भंगारवाल्याकडे जुन्या टेलिकॉम पेटीत मिळाली. टोक सोलून दोन्ही थर पाहिले, मगच पैसे दिले.

केबलच्या टोकाला लावायचा एन कनेक्टर घेताना मधली पिन जरूर बघा. 75 ओहमची बारीक असते, 50 ओहमच्या सॉकेटात सैल बसते. माझा एक रविवार त्यातच गेला.

संध्याकाळी महूचा आवाज सलग आला, शेवटच्या '73' पर्यंत, म्हणजे हॅम मंडळींच्या निरोपाच्या शुभेच्छांपर्यंत.