आई-आत्याच्या रेडिओतल्या गाण्यांच्या आठवणी लिहून कशा ठेवायच्या

बऱ्याच जणांना वाटतं की जुनी गाणी लावली की आठवणी आपोआप बाहेर येतील. म्हणून रविवारी दुपारी मोबाईल स्पीकरला जोडायचा, तलत, लता, अरुण दाते असं एकामागून एक लावत जायचं. आई म्हणते वा, काय गाणी होती, थोडं गुणगुणते आणि उठून कुकर लावायला जाते. हाताला काहीच लागत नाही. माझं स्पष्ट मत आहे की सुरुवात गाण्यापासून करायचीच नाही, सुरुवात वेळेपासून करायची.

कारण आपण आज आधी गाणं निवडतो आणि मग ऐकतो. त्यांच्या वेळी गाणं लागायचं तेव्हा लागायचं, आणि हातात जे काम असेल त्याच्यासोबतच ते कानात बसायचं. सकाळी साडेसातला सिलोनवर, म्हणजे श्रीलंकेच्या रेडिओ स्टेशनवर, जुन्या सिनेमांची गाणी सुरू व्हायची आणि आठ वाजायच्या आत शेवटचं गाणं सैगलचं हे ठरलेलं, त्यामुळं सैगल लागला म्हणजे आता डबा भरून झालाच पाहिजे हे घरातल्या बाईला घड्याळ न बघता कळायचं. बुधवारी रात्री आठला तिथंच गीतमाला, हिंदी सिनेमाच्या गाण्यांचा कार्यक्रम. विविध भारतीवर फौजी भावांसाठी जयमाला, मग हवामहल, आणि अंथरुणं पडली की छायागीत. म्हणजे हळुवार गाणी बहुतेक रात्रीच्या पोटात असायची, आणि रात्री काय व्हायचं, कोण जागं असायचं, कोण कुठं झोपायचं, हे विचारलं की गाणं मागून येतंच.

तर प्रश्न असे विचारा. नळाला पाणी यायचं तेव्हा रेडिओवर काय चालू असायचं? (सोलापुरात पाण्याची वेळ कुणी विसरत नाही, हा प्रश्न हमखास चालतो.) अण्णा कामावर निघायचे तेव्हा? भाकऱ्या थापताना रेडिओ कुठल्या खोलीत असायचा आणि आवाज तुमच्यापर्यंत यायचा का? गच्चीवर झोपायचे त्या दिवसात रेडिओ वर न्यायचे का, आणि बंद कोण करायचं? यातला एक प्रश्न विचारून गप्प बसायचं. खरंच गप्प. मध्येच आपण "तेव्हा पाऊस होता का गं?" असं सुचवलं की पुढच्या वेळी त्या आठवणीत पाऊस पडायला लागतो, आणि मग तो पाऊस त्यांचा होता की आपला हे कुणालाच सांगता येत नाही.

आपल्या सोलापुरात कामाचा प्रश्न तर विचारायलाच पाहिजे, कारण इथं घराघरात हात कामात आणि कान मोकळे अशी माणसं होती. विड्या वळणाऱ्या बायका बघा, मांडीवर सूप, त्यात पानं आणि तंबाखू, नजर बोटांवर, आणि दिवसभर शेजारी रेडिओ. माझ्या आत्याला कुठलंही भावगीत विचारा, ती आधी हाताची हालचाल करते आणि मग शब्द आठवतात. म्हणून आत्याशी बोलताना मी तिच्या हातात काहीतरी देतो, निवडायला मेथी, सोलायला शेंगा, काहीही. नुसतं समोर बसवून "आता सांग" म्हटलं तर माणूस मुलाखत दिल्यासारखं बोलतो, हातात काम असलं की गप्पा होतात.

मागाच्या कारखान्यात उलटं असायचं. यंत्रमाग चालू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही तिथं हळुवार गाणं कुठलं ऐकू येणार, रेडिओ खिळ्याला टांगलेला असायचा आणि मोठ्या आवाजातली उडती गाणी तेवढी कळायची. पण आमचे मामा सांगतात, "लाईट गेली की माग बंद, आन् ट्रान्झिस्टर तर सेलवर चालू, मग खरं गाणं ऐकू यायचं बघ." एकदम सगळीकडं शांत आणि मधोमध तलतचा आवाज. मामांना आठवणारी सगळी संथ गाणी लाईट गेलेल्या वेळची आहेत. हे मला कुठल्याच गाण्याच्या वेबसाईटवर सापडलं नसतं. त्यामुळं साखर पेठ, अशोक चौक, एमआयडीसी अशा भागात ज्यांचं आयुष्य मागावर गेलं त्यांना "लाईट गेल्यावर काय ऐकायचात?" हे नक्की विचारा.

अजून एक, शेजारी काय लागायचं तेही विचारा. सोलापुरात एका वाड्यात मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू बोलणारी घरं असायची आणि भिंती पातळ. दिवसा एक स्टेशन लागायचं आणि रात्री हैदराबाद, धारवाड असं लांबलांबचं खणखणीत लागायचं असं कुणी सांगितलं तर ते अगदी बरोबर आहे, कारण सूर्य मावळला की वातावरणात वरती मीडियम वेव्ह शोषून घेणारा थर विरून जातो, आणि लहरी त्याच्याही वरच्या थरावरून परत खाली येऊन शेकडो किलोमीटर पुढं पोचतात. म्हणून तेलुगू शेजाऱ्यांच्या अक्कांकडून ऐकलेली गाणी मराठी घरातल्या पोरांनाही अर्धीमुर्धी पाठ असतात. शब्द चुकीचे का असेनात, ती जशी म्हणतात तशीच रेकॉर्ड करा, दुरुस्त करू नका.

आता गाणं कधी लावायचं? वेळ, जागा, काम हे सगळं बोलून झालं आणि समोरच्यानं स्वतःहून दोन ओळी म्हटल्या की मगच. आणि फक्त मुखडा लावा, पहिल्या अंतऱ्याच्या आधी बंद करा. पुढचं त्यांना म्हणू द्या. पूर्ण गाणं लावलं की माणूस गाणं ऐकत बसतो, अर्ध्यात थांबवलं की पुढची ओळ आणि तिच्यासोबतचा माणूस दोन्ही आठवतात. गाणं चालू असताना त्यांचं बोलणं रेकॉर्ड करू नका, नंतर ऐकताना दोन्ही आवाज एकमेकांत मिसळलेले असतात आणि नेमका महत्त्वाचा शब्द तबल्याखाली जातो.

कुणी म्हटलं की हे कडवं आमच्या वेळी नव्हतं, तर वाद घालू नका. जुनी ७८ आरपीएमची तबकडी एका बाजूला साधारण तीन-साडेतीन मिनिटंच वाजायची, त्यामुळं सिनेमात जास्तीचं कडवं असलं तरी रेकॉर्डवर ते बऱ्याचदा नसायचं, आणि रेडिओवर लागायची ती रेकॉर्ड. आता यूट्यूबवर सिनेमातलं गाणं असतं. त्यांनी ऐकलेलं गाणं खरंच छोटं होतं.

रेकॉर्डिंगचं फार टेन्शन घेऊ नका, मोबाईल पुरतो. फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा किंवा हळू करा, आणि मोबाईल टेबलावर ठेवताना खाली आपला सोलापुरी टॉवेल घडी करून ठेवा म्हणजे टेबलाचा ठोका आत येत नाही. अर्धा तास झाला की थांबा, दमतात मोठी माणसं. फाईलला लगेच नाव द्या, तारीख, कोण बोललं, कुठलं गाणं, नाहीतर नंतर सगळ्या फाईली सारख्याच दिसतात.

मग सालाचा भाग. मला हा भाग फार आवडतो, कारण मोठी माणसं साल सांगत नाहीत, ती म्हणतात "बंडू पोटात होता तेव्हा". ते लिहून घ्या, तेच खरं साल आहे. त्याला ताडून बघायला रेडिओचे स्वतःचे टप्पे उपयोगी पडतात. १९५२ च्या सुमारास आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळजवळ बंद झाली होती, केसकर माहिती-प्रसारण मंत्री होते तेव्हा, आणि लोक सिलोनकडं वळले, गीतमालाही त्याच वर्षी डिसेंबरात तिथं सुरू झाली. विविध भारती आली ३ ऑक्टोबर १९५७ ला. म्हणजे कुणी १९५४-५५ ची आठवण सांगत असेल आणि त्यात सिनेमाचं गाणं असेल तर बहुतेक ते सिलोन होतं, शॉर्टवेव्हवर, आवाज लाटेसारखा जवळ येणारा आणि लांब जाणारा. "आवाज जायचा-यायचा का?" एवढं विचारलं तरी उलगडा होतो. विविध भारतीवरच्या जाहिराती आठवत असतील तर ती आठवण १९६७ नंतरची, त्याआधी तिथं जाहिराती नव्हत्या. आणि गीतमाला विविध भारतीवर ऐकली म्हणत असतील तर १९८९ नंतरची.

सिनेमाच्या गाण्याचं एक बरं असतं, सिनेमाचं साल मिळतं, त्याच्या फार आधीची आठवण असू शकत नाही. पण नंतर कितीही वर्षांनी असू शकते, म्हणून गाण्याचं साल आणि आठवणीचं साल हे दोन वेगळे रकाने ठेवा. भावगीताला तर सिनेमाच नाही. साठच्या दशकातलं शुक्रतारा पंच्याहत्तर सालीही "आपली आवड"मध्ये लागायचं आणि तेव्हाच कुणाचं लग्न ठरत असायचं. तिथं घरातल्या गोष्टींवरूनच साल काढावं लागतं, कुठल्या घरात राहत होतो, कितवीत होते, जुनी गिरणी बंद पडली त्याच्या आधी की नंतर, जानेवारीतली गड्ड्याची जत्रा चालू होती का. गीतरामायण हा त्यातला अपवाद, ते पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून आठवड्याला एक गीत असं वर्षाहून थोडं जास्त, एकूण ५६ गीतं, त्यामुळं "आज नवीन गाणं कुठलं येणार याची वाट बघायचो" असं कुणी म्हणालं तर तारीख जवळजवळ आपल्या हातात येते.

घरातले कागद बघायला विसरू नका. पूर्वी रेडिओला लायसन लागायचं, पोस्टात पैसे भरायचे, त्याचं छोटं पुस्तक असायचं, ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. ते पुस्तक ट्रंकेत, देवाच्या कपाटात, घरपट्टीच्या पावत्यांसोबत कुठंतरी असतं. त्यावर कुणाच्या नावावर रेडिओ होता, पत्ता काय होता, वर्ष कुठलं, सगळं असतं. पोस्टकार्डावर फर्माईश पाठवायचे का ते विचारा, आणि रेडिओवर कुणाचं नाव आलं होतं का तेही, कारण नाव आलेला दिवस माणूस मरेपर्यंत विसरत नाही.

आणि गाण्यांची वही! बायकांनी हमखास ठेवलेली असते. गाणं लागलं की भराभर लिहायचं, जेवढं सुटलं तेवढी जागा मोकळी सोडायची आणि परत कधी लागेल तेव्हा भरायची, महिनाभरानंही. म्हणून एकाच गाण्यात दोन-तीन शाई दिसतात. असली वही सापडली तर पानापानाचे फोटो काढा, मोकळ्या राहिलेल्या जागांसकट. त्या जागा नेटवरून शब्द शोधून भरून टाकू नका, हात जोडून सांगतो. ते गाणं परत लागलंच नाही, किंवा लागलं तेव्हा ती रेडिओजवळ नव्हती, एवढं त्या जागेत लिहिलेलं आहे.

एखाद्या गाण्यावर माणूस एकदम गप्प होतो. डोळे भरून येतात, किंवा विषय बदलतो. तिथं खोदायचं नाही. मोबाईल बंद करायचा, चहा टाकायचा, शेंगाचटणी-भाकरी असेल तर ती पुढं करायची आणि त्या दिवशी परत रेडिओचं नावही काढायचं नाही. सांगायचं असेल तर त्या सांगतील, कधी कधी वर्षानं सांगतात. पण ते गाणं कुठलं होतं एवढं आपल्या वहीत लिहून ठेवा, कारण न सांगता.

जी माणसं आता फार बोलत नाहीत, नावं विसरतात, त्यांच्याबद्दल वेगळं. त्यांना प्रश्न विचारून छळू नका. त्यांच्या वयाच्या दहाव्या ते तिसाव्या वर्षातली गाणी शोधा, माणसाला त्या काळातल्या गोष्टी जास्त घट्ट आठवतात हे अभ्यासातही दिसलेलं आहे. हळू आवाजात एकच लावा आणि शेजारी बसा. ओठ हलले तर आपणही सोबत म्हणा. तिथं लिहून घ्यायचं काही नसतं, तरीही तारीख टाकून गाण्याचं नाव लिहा, पुढच्या वेळी त्यांच्याजवळ बसणाऱ्याला उपयोग होतो.

लिहिताना त्यांच्याच शब्दात लिहा. "सायंकाळच्या प्रहरी रेडिओचे मंद सूर" असलं काही करू नका, आत्या "दिवाबत्तीच्या टायमाला" म्हणाली असेल तर तेच. दोन भावंडं एकाच रेडिओच्या दोन गोष्टी सांगतात, आई म्हणते तो मर्फी होता आणि मावशी म्हणते बुश, दोन्ही लिहा, कोण म्हणालं ते नावासकट. मग झालेलं लिखाण दोघींना वाचून दाखवा. वाचून दाखवताना मोबाईल चालू ठेवा, कारण "छे, तसं नव्हतं ते" इथून जे सुरू होतं ते बऱ्याचदा पहिल्यापेक्षा भारी असतं.