थंडीत जुनी गाडी सुरू करताना खडखड येते?

निफाडकडची थंडी, गाडी आठ-दहा दिवस अंगणात उभी, आणि सकाळी चावी फिरवली की बॉनेटखालून टकटक-टकटक. घाबरू नका, पण आधी मनात सेकंद मोजा.

गाडी उभी राहिली की इंजिन ऑइल ओघळून इंजिनाच्या तळाच्या चेंबरमध्ये जमतं, आणि थंडीत ते काकवीसारखं दाटही होतं. ते वर टॅपेट आणि टायमिंग चेन या इंजिनाच्या हलत्या भागांपर्यंत पोचेपर्यंत दोन-तीन सेकंद आवाज येणारच. म्हणून सुरू झाल्याझाल्या अ‍ॅक्सिलरेटर दाबून गाडी ‘गरम करायची’ सवय सोडा. झीज नेमकी तेव्हाच होते. अर्धा-एक मिनिट आयडलवर, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर न दाबता, ठेवा, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हळू चालवा.

आवाज रेंगाळत असेल तर डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) काढून, फडक्याने पुसून, पुन्हा बुडवून बघा. हे अर्थात गाडी सुरू करण्याआधी, सपाट जागेवर. पातळी दोन खुणांच्या मध्ये हवी. जुनी गाडी म्हणून कुणी २०डब्ल्यू-५० सारखं जाड ऑइल भरलं असेल, तर थंडीतला आवाज त्यामुळेही वाढतो. मॅन्युअलमधलाच ग्रेड वापरा.

किंचाळल्यासारखा आवाज बहुधा फॅन बेल्टचा, दवाने ओला झालेला. तो वाळला की थांबतो. रोजच येत असेल तर बेल्ट ताणून घ्या किंवा बदला.

मात्र खोलवरून ठक-ठक येत असेल, किंवा ऑइलचा लाल दिवा पाच सेकंदांतही विझला नाही, तर लगेच बंद करा. गॅरेजपर्यंत चालवत नेऊ नका, मेकॅनिकलाच घरी बोलवा.