‘किती द्याल?’ हा प्रश्न आधी खोडा: विलिंगनेस टू पे सर्व्हेतल्या या चुका टाळा

मार्च-एप्रिल आला की एमएच्या पोरापोरींचे मेसेज सुरू होतात, "सर विलिंगनेस टू पे काढायचीय, फॉर्म एकदा बघता का?" म्हणजे एखाद्या गोष्टीसाठी लोक जास्तीत जास्त किती पैसे द्यायला तयार आहेत ते सर्व्हेतून काढायचं. फॉर्म उघडावा तर पहिल्याच पानावर तेच, ‘स्वच्छ पाण्यासाठी तुम्ही महिन्याला किती रुपये द्याल?’ आणि पुढे रिकामी जागा. अरे बाबांनो, जो माणूस मेथीच्या जुडीवरून वीस वर्षं घासाघीस करत आलाय त्याला तुम्ही ‘किती द्याल’ विचारलंत तर तो भाव पाडणारच ना. आणि ज्याने पाण्याला कधी पैसे मोजलेच नाहीत तो आधी दहा म्हणतो, मग वीस म्हणतो, मग बायकोकडे बघतो, आणि तुम्ही लिहिता २०.

आकडा तुम्ही सांगा. "ही नळयोजना झाली तर प्रत्येक घराची पाणीपट्टी महिन्याला १०० रुपयांनी वाढणार. चिठ्ठी टाकून मतदान झालं तर तुम्ही हो म्हणाल की नाही?" बस. वेगवेगळ्या घरांना वेगवेगळा आकडा द्यायचा आणि कुठल्या आकड्याला किती हो पडले त्यावरून अंदाज काढायचा. ही माझी आयडिया नाही. १९८९ ला अलास्कात एक्सॉन व्हाल्डेझ जहाजातून तेल सांडलं, तिथे कधीच न जाणाऱ्या लोकांचंही त्यात नुकसान झालं का आणि किती यावर भांडण लागलं, सर्व्हेत असं परत होऊ नये म्हणून घरामागे एकदाच द्यायचे तर मिडियन, म्हणजे बरोबर मधला आकडा, साधारण ३१ डॉलर निघाला. मग असल्या आकड्यांवर भरोसा ठेवायचा का हे बघायला केनेथ ॲरो आणि रॉबर्ट सोलो, दोघेही अर्थशास्त्रातले नोबेलवाले, यांची समिती बसली. १९९३ च्या त्यांच्या रिपोर्टात हेच आहे: मतदानासारखं हो-नाही विचारा, शक्यतो समोर बसून विचारा, आणि हे पैसे दुसऱ्या कशातून तरी कमी होणार आहेत याची आठवण करून द्या. तीस वर्षं होऊन गेली, पोरं अजून रिकामी जागा सोडतायत.

पण हो-नाहीतही माती खाता येते, मी खाल्लीय.

टॅब यायच्या आधीची गोष्ट. एका तालुक्यात पाण्याचा सर्व्हे होता, छापील फॉर्म, पाच किमती: ३०, ६०, १००, १५०, २००. कुठल्या घराला कुठला फॉर्म जाणार हे नशिबावर सोडायचं, तेवढी एकच अट. झेरॉक्सवाल्याने मात्र किमतीप्रमाणे पाच गठ्ठे बांधून दिले आणि आमच्यातल्या एका हुशार पोराने (नाव सांगत नाही, आज चांगल्या पगारावर आहे) सोपं म्हणून सकाळी वरचा गठ्ठा उचलला, तो संपला की पुढचा. सकाळी गाडीने पहिल्यांदा लांबची वस्ती गाठली, पत्र्याची घरं, मजुरी करणारी माणसं, त्यांना सगळे ३० चे फॉर्म. संध्याकाळी परतताना डांबरी रोडवरचे ऊसवाल्यांचे बंगले, त्यांना सगळे २०० चे. लॉजवर बसून टेबल काढलं तर ३० ला जेवढे हो त्यापेक्षा २०० ला जास्त हो! किंमत वाढेल तशी मागणी वाढतेय, म्हणजे नळाचं पाणी नाही, सोनंच झालं ते. दोन दिवस मी मॉडेलला शिव्या घातल्या, व्हेरिएबल आत-बाहेर केले, एन्ट्री करणाऱ्या मुलीवर उगाच डाफरलो. तिसऱ्या दिवशी चहा पिताना फॉर्मवर लिहिलेल्या वेळा सहज ओळीने बघितल्या आणि कपाळावर हात मारला. आम्ही पाण्याची किंमत मोजलीच नव्हती, गावातली श्रीमंती मोजून आलो होतो. दोन गावं परत करावी लागली, स्वतःच्या खर्चाने.

तेव्हापासून आदल्या रात्री लॉजच्या पलंगावर सगळे फॉर्म पत्त्यांसारखे मीच पिसायचो आणि रबरबँड लावून ज्याचा त्याच्या हातात द्यायचो. आता टॅब आपोआप पिसतो, तरी पहिल्या संध्याकाळी मी वस्तीप्रमाणे किंमत असं एक साधं टेबल काढतोच. पाच मिनिटं लागतात. "सर सॉफ्टवेअर करतं ते," म्हणणाऱ्यांना मी काही बोलत नाही, फक्त टेबल मागतो.

दुसरी माझी आवडती चूक म्हणजे शून्याला शून्य समजणं. एका घरी काका पडवीत बसलेले. साठ रुपये? नाही. तीस? नाही. दहा? "एक रुपया देणार नाही." पोराने शून्य लिहिलं आणि उठला. मी मागेच उभा होतो, दाराआड बघतो तर वीस लिटरचे तीन जार ओळीत, एकावर तांब्या पालथा घातलेला. हा माणूस रोज पाण्याला पैसे मोजतोय हो! म्हणलं काका, जार कितीचा पडतो? ते सुरूच झाले, दहा वर्षांपूर्वी टाकी बांधली, पाईप टाकले, आजवर थेंब आला नाही, पट्टी मात्र घेतात, "यांना अजून पैसे देऊ? जारवाला निदान पाणी तरी देतो." ते पाण्याला नाही म्हणत नव्हते, वसूल करणाऱ्याला नाही म्हणत होते. असले शून्य सरासरीत ढकलले तर रिपोर्टात येतं की गावाला स्वच्छ पाण्याची किंमत नाही, आणि कुणीतरी तेवढ्यावर योजना गुंडाळतो.

म्हणून प्रत्येक नकारानंतर ‘का’ विचारा, आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा, पर्यायांच्या चौकोनात कोंबू नका. ‘परवडत नाही’ हे खरं शून्य, ते ठेवायचं. ‘भरोसा नाही’, ‘हे सरकारचं काम आहे’, ही वेगळ्या ढिगात. मी आकडा दोन्हीप्रकारे देतो, ढीग धरून आणि सोडून. गाईडला आवडत नाही, एकच आकडा पाहिजे असतो, तो त्यांचा प्रश्न.

बाकीच्या भराभर सांगतो.

‘वर्गणी’ किंवा ‘निधी’ म्हणून विचारू नका. गणपतीची वर्गणी आपण मूर्तीची किंमत काढून देतो का, मंडळाची पोरं दारात उभी असतात म्हणून देतो. पैसे कसे वसूल होणार ते स्पष्ट पाहिजे, पट्टी, तिकीट, वीजबिल, काहीही. अमेरिकेत २,०००, २०,००० आणि २,००,००० पक्षी वाचवायला किती द्याल असं तीन वेगळ्या गटांना विचारलं, उत्तरं ८०, ७८ आणि ८८ डॉलर. पक्षी शंभरपट झाले आणि रक्कम जागची हलली नाही, कारण लोक पक्ष्यांचे नाही, मनाच्या समाधानाचे पैसे सांगत होते.

किती दिवस आणि कुणी द्यायचे ते लिहा. बोरिवलीच्या नॅशनल पार्कवर १९९७ मध्ये आलेल्या अभ्यासात घरामागे महिन्याला सरासरी साडेसात रुपये, पुढची ५ वर्षं, असं स्वच्छ दिलंय. तुमच्या रिपोर्टात नुसतं ‘₹५०’. माणशी? घरामागे? एकदाच?

‘किती घेतले तर सोडाल’ हा ‘किती द्याल’चा जुळा भाऊ नाही. हातातली वस्तू सोडायला माणूस कितीतरी जास्त मागतो, साध्या कॉफीच्या मगवर केलेल्या प्रयोगातही मागणी दुपटीच्या वर गेली होती. दोन्ही आकडे मिसळून सरासरी काढणारा थिसिस मी बघितलाय.

तोंडी ‘हो’ला नोट समजू नका. केनियात गरोदर बायकांना मच्छरदाणी खरोखर विकून बघितली, किंमत फुकटवरून फक्त ०.६० डॉलर केली तर घेणाऱ्यांचं प्रमाण ६० टक्के पॉइंटने खाली आलं. वस्तू हातात देता येत असेल तर खरी विका, दहा घरांत का होईना.

आरोग्याचा प्रश्न असेल तर ‘धोका दहा हजारात दहावरून एकावर येईल’ असं नुसतं वाचून दाखवू नका, कुणाच्याच डोक्यात ते शिरत नाही, माझ्याही नाही. मी शाळेचा ग्राफ पेपर नेतो. दहा बाय दहा सेंटीमीटरचा तुकडा कापला की त्यात मिलीमीटरचे बरोबर १०,००० चौकोन येतात. दहा लाल केलेले दाखवायचे, मग एक केलेला. बाया चष्मा लावून तो एक चौकोन शोधतात आणि मग उत्तर द्यायला वेळ घेतात. तो वेळ द्या, घाई करू नका.

गूगल फॉर्म कॉलेजच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकून ‘महाराष्ट्रातील नागरिकांची मते’ लिहिणाऱ्यांना काय सांगू, काहीच नाही.

आणि पायलट, म्हणजे खऱ्या सर्व्हेआधीची चाचणी. पहिली दहा घरं मी स्वतः करतो, पोरांना बाजूला बसवून. असंच एकदा एका आजीला दीडशे रुपये विचारले तर म्हणाल्या, "तू म्हणशील तेवढं देऊ बाळा, आधी चहा घे." घेतला आणि पुढे प्रत्येक प्रश्नाला हो, दोनशेलाही हो, कारण दारात आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं. तो फॉर्म फेकून द्यावा लागला. आता चहाला मी नाही म्हणत नाही, फक्त फॉर्म भरून झाल्यावर घेतो.